एक कॉलम रुंदीची जागा

आर. के. लक्ष्मण यांचे नाव निघाले की पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते : आता तसा व्यंगचित्रकार होणे नाही. म्हणणारा मनापासून म्हणतो, आणि लक्ष्मण यांची थोरवी मलाही शंभर टक्के मान्य आहे. तरीही हे वाक्य मला खटकते. त्यात सगळा भार एका माणसाच्या प्रतिभेवर टाकलेला असतो. प्रतिभा ही दैवाची देणगी, ती कधी येईल ते सांगता येत नाही, आपण फक्त वाट पाहायची, असा त्याचा अर्थ होतो. आणि ज्यांच्या हातात काही करणे खरोखर होते आणि आजही आहे, ती वर्तमानपत्रे त्यातून अलगद सुटतात. राजकीय व्यंगचित्रकार जन्माला येतो त्याहून जास्त घडवावा लागतो. त्यासाठी रोजची ठरलेली जागा लागते, महिन्याचा पगार लागतो आणि चित्र छापून आल्यावर वरून फोन आला तर तो स्वतः उचलणारा संपादक लागतो. चित्र काढणाऱ्या तरुणांची महाराष्ट्रात आजही वाण नाही. वाण आहे ती या खुर्चीची. आपल्या वर्तमानपत्रांनी ती पुन्हा मांडली पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रतिभा पहिल्या नजरेत ओळखू येते असे ज्यांना वाटते त्यांनी लक्ष्मण यांची सुरुवात पाहावी. २४ ऑक्टोबर १९२१ रोजी मैसूरला जन्मलेला हा मुलगा ‘हिंदू’मध्ये अधूनमधून येणाऱ्या डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रांनी झपाटला होता, लो यांची सही तो कित्येक दिवस ‘काऊ’ अशी वाचत असे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे त्याने अर्ज केला, तेव्हा प्रवेशासाठी लागणारे गुण तुमच्या चित्रांत दिसत नाहीत, असे उत्तर आले. मग मैसूरच्या महाराजा कॉलेजातून बी. ए., थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे, आणि पुढे मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’ची नोकरी. त्याच कचेरीत बाळ ठाकरेही व्यंगचित्रे काढत. कम्युनिस्टांची थट्टा करायची नाही, असे मालकांकडून बजावले गेले तेव्हा लक्ष्मण तिथून बाहेर पडले आणि बोरीबंदरसमोरच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या इमारतीत दाखल झाले. तिथे त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ काम केले. ठाकरे यांनी १९६० मध्ये ‘फ्री प्रेस’ सोडून ‘मार्मिक’ काढला. पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नोकरी सोडताना दोघांना हवे होते ते एकच : आपले चित्र आपल्या मताप्रमाणे छापून येईल अशी जागा. एकाने त्यासाठी स्वतःचे साप्ताहिक काढले, दुसऱ्याला ती दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात मिळाली. ती मिळाली नसती तर जे. जे.ने नाकारलेला हा मुलगा पुढे कुठे गेला असता, याचा विचार करावा.

जागेने काय घडते ते ‘कॉमन मॅन’च्या जन्मकथेत अगदी जवळून दिसते. १९५१ मध्ये ‘यू सेड इट’ हे एका कॉलमाचे चित्र सुरू झाले. आधी लक्ष्मण आपल्या चित्रांत देशभरातली माणसे उभी करत : कोणी बंगाली, कोणी तमिळ, कोणी पंजाबी, प्रत्येकाचा पेहराव वेगळा. एवढ्या मोठ्या देशाचा माणूस एका चौकटीत कसा मावणार, हा प्रश्न त्यांना पडलेला होता. पण दैनिकाला रोज चित्र लागते, संध्याकाळी पान लागते, आणि एवढी माणसे रोज रेखाटायला ना वेळ पुरतो ना जागा. एकेक माणूस गळत गेला. शेवटी उरला तो धोतरावर चौकड्यांचा कोट घातलेला म्हातारा, टकलाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके, नाकावर चष्मा, त्याखाली मिशी, आणि चष्म्याच्या वर कायम उंचावलेल्या भुवया. तो बोलत नाही. मंत्र्याच्या दालनात, पूर आलेल्या गावात, विमानतळावर, कुठेही तो चित्राच्या कडेला उभा असतो आणि बोलायचे ते बाकीचे बोलतात. हा माणूस कोणी एका बैठकीत योजून काढलेला नाही. डेडलाइनने, जागेच्या टंचाईने आणि रोजच्या रियाजाने तो घासूनपुसून तयार झाला. आठवड्याला एक चित्र मागणाऱ्या पुरवणीत तो जन्मलाच नसता, असे मला खात्रीने वाटते.

या कामाचे तंत्रही रोजच्या सवयीनेच हाताला बसते. न्यूजप्रिंट हा हलका, शाई शोषणारा कागद. त्यावर फार बारीक रेघ छापताना भरून येते नाही तर तुटते, म्हणून काळ्या-पांढऱ्याचा तोल आधीच मनात धरावा लागतो : कोट कुठे काळा भरायचा, भिंत कुठे रिकामी सोडायची, बोलणाऱ्याचे तोंड कुठल्या बाजूला वळवायचे म्हणजे नजर आधी त्याच्याकडे आणि मग खालच्या ओळीकडे जाईल. ओळ लांबली की चित्र पडते. आणि मुख्य म्हणजे चेहरे. लक्ष्मण यांनी नेहरूंना टोपीशिवाय काढले, इंदिरा गांधींचे नाक वाढवत नेले, राजीव गांधी त्यांच्या चित्रांत वर्षागणिक गोल होत गेले. अर्कचित्र म्हणजे चेहऱ्याची नक्कल करणे नव्हे. त्या माणसाच्या सत्तेत काय बदलते आहे, याची ती दररोज ठेवलेली नोंद असते. ही नोंद वाचकाच्याही मनात साठत जाते. म्हणून जाणत्या व्यंगचित्रकाराला एका रेघेत जे सांगता येते, ते नवख्याला चार वाक्ये लिहूनही साधत नाही. वाचक आणि चित्रकार यांच्यात ही जी बोली तयार होते, ती एकाच ठिकाणी, रोज, वर्षानुवर्षे भेटल्यावाचून तयार होत नाही.

आता संपादकाविषयी, कारण नुसती जागा दिली आणि पाठीशी कोणी उभे नसले तर ती जागा फसवी असते. लक्ष्मण ज्यांना गुरुस्थानी मानत त्या लो यांचे उदाहरण घ्या. १९२७ पासून ते लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये होते. वर्तमानपत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांची राजकीय मते लो यांच्या मतांच्या उलट होती. हिटलरशी जमवून घ्यावे, असे मालकांना वाटे. तरी विषय आणि मत याबाबत आपल्याला मोकळीक राहील, हे लो यांनी कामावर येतानाच ठरवून घेतले होते. म्हणून मालक एक बोलत असताना त्यांच्याच वर्तमानपत्रात हिटलर आणि मुसोलिनी वारंवार उघडे पडत होते. १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आले, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांचा या चित्रांवर किती राग आहे ते ऐकून आले आणि त्यांनी लो यांना जरा हात आखडता घ्यायला सांगितले. लो यांनी काही महिने तसे केलेही. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळले आणि लो पुन्हा पहिल्यासारखे काढू लागले. त्यांचा हा अल्पकाळचा संकोच मला महत्त्वाचा वाटतो. इतक्या नावाजलेल्या आणि करारात मोकळीक असलेल्या माणसावरही दबाव चालतो, मग ज्याला करारच नाही त्याचे काय होत असेल?

आपल्याकडचे याहून लखलखीत उदाहरण तमिळनाडूतले आहे. १९८७ मध्ये ‘आनंद विकटन’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आमदार आणि मंत्र्यांवर व्यंगचित्र आले. विधानसभेने हक्कभंग मानून तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली, ती संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना. ते तुरुंगात गेले. देशभरातून निषेध झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांना सोडावे लागले. तरी ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कोर्टात गेले आणि पुढे १९९४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाकडून त्यांनी एक हजार रुपयांची भरपाई मिळवली. हजार रुपयांना त्यांच्या लेखी काय किंमत होती ते उघड आहे. व्यंगचित्राची जबाबदारी संपादकाची, हे त्यांनी सात वर्षे लढून दाखवून दिले.

आणीबाणीत संपादक आणि व्यंगचित्रकार यांच्या नात्याची सगळ्यात कठीण परीक्षा झाली. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले ‘शंकर्स वीकली’ ऑगस्ट १९७५ मध्ये बंद झाले. ज्यातून कितीतरी व्यंगचित्रकार शिकून बाहेर पडले ती शाळाच मिटली. त्याच वर्षी १० डिसेंबरला ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे एक चित्र आले : राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेले आहेत, सही केलेला वटहुकूम दाराच्या फटीतून बाहेर देत आहेत, आणि आणखी असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. सरकारी सेन्सॉर दारात बसलेला असताना हे चित्र दैनिकात छापून आले. आज आणीबाणीतल्या वटहुकूमांच्या तारखा कोणाला पाठ नाहीत, पण त्या राजवटीत सही किती स्वस्त झाली होती ते या चित्रामुळे सगळ्यांना कळते. एकट्या व्यंगचित्रकाराच्या मालकीचे साप्ताहिक त्या वर्षी टिकले नाही आणि दैनिकाच्या पानावरचे चित्र मात्र वाचकापर्यंत पोचले. यावरून ठाम नियम काढणे धाडसाचे होईल, पण मोठ्या संस्थेच्या आडोशाचे मोल त्यातून दिसते खास.

आडोसा नसला की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्यांची चित्रे स्वतःच्या संकेतस्थळावर होती आणि मागे कुठलेही वर्तमानपत्र नव्हते. सरकारने राजद्रोहाचे कलम नंतर मागे घेतले, आणि असे कलम लावण्याआधी पोलिसांनी काय पाहायचे त्याची चौकट मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने स्पष्ट झाली. चांगले झाले, पण ती चौकट आखली जाण्यासाठी एका तरुणाला एकट्याने पोलीस कोठडीत बसावे लागले. त्याच २०१२ साली कोलकात्याचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना मुख्यमंत्र्यांवरचे एक व्यंगचित्र नुसते पुढे पाठवले म्हणून अटक झाली. त्या खटल्यातून ते सुटले २०२३ मध्ये. जवळजवळ अकरा वर्षे!

वर्तमानपत्रांनी ही खुर्ची पुन्हा मांडावी म्हटले की पहिला आक्षेप हमखास येतो. आज मोबाइलवर दर मिनिटाला मीम येतात, कोणीही करतो, क्षणात लाखोंपर्यंत जातात. मग पगारी व्यंगचित्रकार कशाला? मीम करणाऱ्यांत कल्पक माणसे आहेत, हे मी नाकारत नाही. पण मीम बहुतेक वेळा निनावी असते. त्याला पत्ता नसतो. ते चुकले तर जाब कोणाला विचारायचा? पक्षाच्या प्रचारयंत्रणेने पैसे देऊन करवून घेतलेले मीम आणि एखाद्या विद्यार्थ्याने रागाने केलेले मीम वाचकाच्या हातात एकाच रूपात येते. वर्तमानपत्रातल्या चित्राखाली सही असते. आज सत्तेवर असलेल्याला त्या सहीच्या धन्याने टोचले, तर उद्या विरोधक सत्तेत आल्यावर तो त्यांनाही टोचतो की नाही, हे वाचक तपासू शकतो. लक्ष्मण यांच्यावर लोकांचा विश्वास बसला तो नेहरूंपासून पुढच्या कितीतरी पंतप्रधानांपर्यंत त्यांची रेघ कोणापुढे वाकलेली लोकांना दिसली नाही म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो झटकून टाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. व्यंगचित्र नेहमी बलवानालाच लागते असे नाही. कधी ते आधीच मार खाल्लेल्याला लागते. शंकर यांचे १९४९ चे चित्र आठवा. संविधान म्हणजे गोगलगाय, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, हातात चाबूक. आणि मागे नेहरू, त्यांच्याही हातात उगारलेला चाबूक. शंकर यांचा रोख घटना समितीच्या संथ कामावर होता. पण ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर खरोखरीचे कोरडे उमटले, त्यांना या चित्रात गोगलगाय आधी दिसत नाही, आंबेडकरांच्या पाठीमागचा चाबूक दिसतो. २०१२ मध्ये अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या या चित्रावरून संसदेत वादळ उठले, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊच शकत नाही. चित्र काढून टाकण्यानेही काही साधले नाही. वर्गात ज्यावर बोलता आले असते ते बोलणेच थांबले. पण दुखावले गेलेल्यांचे म्हणणे खोटे होते, असे मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये मराठा मूक मोर्चावरचे ‘सामना’तले व्यंगचित्रही असेच चुकले. कोपर्डीतल्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायाबापड्यांच्या दुःखावर शाब्दिक कोटी करणे शोभणारे नव्हते. दगडफेक झाली ती निषेधार्हच. पण पुढे काय झाले? त्या वर्तमानपत्रामागच्या पक्षाच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. चुकलेल्या चित्राचा जाब विचारायला एक दार होते, आणि लोकांनी ते ठोठावले. हे दार असणे हाच व्यंगचित्राला वर्तमानपत्रात ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला वाटतो. संपादकाने चित्र छापण्यापूर्वी दोनदा पाहावे, चुकले तर त्याच पानावर कबूल करावे, रागावलेल्या वाचकाचे पत्र त्याच चित्राशेजारी छापावे. आणि व्यंगचित्रकारांच्या खुर्च्या एकाच तऱ्हेच्या घरांतून भरू नयेत. चाबूक कोणाच्या पाठीवर कसा दिसतो हे ज्याला सांगावे लागत नाही, असा एक माणूस त्या खोलीत असता तर ते चित्र कदाचित वेगळे निघाले असते.

लक्ष्मण यांच्यावरचा आक्षेपही याच प्रकारात मोडतो. त्यांचा कॉमन मॅन मध्यमवर्गीय, शहरी, सोसणारा आहे; तो कधी उठून बोलत नाही, असे म्हणतात. ते बरेचसे खरे आहे, जरी झोपड्या आणि दुष्काळी गावे त्यांच्या चित्रांत सतत येत राहिली. पण एका माणसाने सगळ्यांचा माणूस काढावा, ही अपेक्षाच जास्तीची. यवतमाळच्या कापूसवाल्याची, मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईची, रायगडातल्या जमीन गेलेल्या कोळ्याची मूक आकृती इंग्रजी दैनिकातून येणार नव्हती. ती मराठी दैनिकातूनच येईल, आणि तीही कोणी रोज काढत राहिला तर.

राहिला पैशाचा प्रश्न. जगभर हीच सबब चालते आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका चित्रावरून वाद झाल्यावर १ जुलै २०१९ पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रेच बंद केली. जुलै २०२३ मध्ये मॅक्लॅची या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाने पुलित्झर मिळवलेले तीन व्यंगचित्रकार एकाच दिवशी कमी केले आणि वाचकांच्या बदललेल्या सवयींकडे बोट दाखवले. व्यंगचित्रासाठी १९२२ पासून वेगळा असलेला पुलित्झर पुरस्कार २०२२ मध्ये दुसऱ्या वर्गात विलीन झाला. जानेवारी २०२५ मध्ये ॲन टेल्नेस यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ सोडले, कारण वर्तमानपत्राच्या मालकासह बडे उद्योगपती ट्रम्प यांच्यापुढे झुकलेले दाखवणारे त्यांचे चित्र नाकारले गेले. याच ‘पोस्ट’मध्ये हर्ब्लॉक यांनी १९४६ पासून पन्नास वर्षांहून अधिक काळ चित्रे काढली होती, आणि १९५० मध्ये ‘मॅकार्थीइझम’ हा शब्द त्यांच्याच एका चित्रातून रूढ झाला. तेव्हा पैशाचे कारण सांगितले जाते, पण बहुतेक वेळा धास्ती आधी येते आणि हिशेब मागून जुळवला जातो. एका व्यंगचित्रकाराचा पगार दैनिकाला बुडवत नाही. जाहिरातींनी भरलेल्या पहिल्या पानावर एका कॉलमाची दहा सेंटिमीटर उंची मोकळी ठेवणे परवडत नसेल, तर मग ते पान कोणासाठी काढले जाते हे तरी ठरवावे.

लक्ष्मण यांच्या माणसाचे १९८८ मध्ये टपाल तिकीट निघाले. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आणि वरळीच्या समुद्रकिनारी त्याचे पुतळे उभे आहेत. लक्ष्मण यांना १९८४ मध्ये मॅगसेसे, २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात ते गेले तेव्हा सरकारी इतमामाने निरोप दिला गेला. हा सन्मान योग्यच होता. त्याच्या जोडीला मराठी दैनिकांनी करायचे ते काम मात्र साधे आहे. एक पूर्णवेळ व्यंगचित्रकार नेमावा, त्याच्या हाताखाली एक शिकाऊ ठेवावा, चित्र रोज एकाच ठिकाणी यावे, आणि पहिली काही वर्षे चित्रे फसतील हे आधीच धरून चालावे. प्रत्येक मराठी दैनिकाच्या पानाच्या तळाशी अगदी बारीक टायपात मालक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असतात, आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची, तेही छापलेले असते. १८६७ च्या कायद्याने ही ओळ घातली; २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. त्या ओळीतल्या संपादकाने आपल्या व्यंगचित्रकाराला नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यावे, की विषय तुझा, मत तुझे, आणि चित्राबद्दल कोणीही फोन केला तर तो आधी माझ्या टेबलावर वाजेल.